मंगळवारची वाडी

आमच्या आजोळी सोमवारी रात्री कुणी लवकर झोपत नसे. जेवणं आटोपली की आजी ओसरीवर कंदील आणून ठेवी, गोणपाट पसरी आणि घरातल्या एकेकाला हाक मारी. मामा परसातून केळीची पानं कापून आणी, मामी नारळ सोलायला बसे, आणि आम्हां मुलांच्या पुढ्यात खायच्या पानांची रास पडे. पंचवीस पानं मोजायची, देठ एका अंगाला लावायचे, केळीच्या सोपाने जुडी बांधायची. माझी मोजणी अकरा-बारापर्यंत सुरळीत चाले, मग कुणीतरी मधेच बोले आणि आकडा सुटे. आजीची नजर नारळांवर असली तरी तिला ते बरोबर कळे.

"नीट मोज गो. एक पान कमी पडला तर गिऱ्हाईक परत येवचा नाय."

मी जुडी सोडून पुन्हा एकपासून सुरू करी. उद्या मंगळवार, वाडीचा बाजार.

वाडी म्हणजे सावंतवाडी. हिचं जुनं नाव सुंदरवाडी, पण पंचक्रोशीत ना कुणी सावंतवाडी म्हणत, ना सुंदरवाडी. "वाडीक गेललंय", "वाडीतसून हाडलंय", एवढं पुरे. आम्ही परळच्या चाळीत वाढलेली मुलं, वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि दिवाळीत, आजोळी जायचो. आजीला मी पोस्टकार्ड लिही तेव्हा पत्त्यात 'जिल्हा रत्नागिरी' असं असे. 1 मे 1981 ला सिंधुदुर्ग जिल्हा झाला आणि पत्ता बदलला. तोवर मी कॉलेजात गेले होते, आणि आजी वर्षभर दोन्ही जिल्ह्यांची नावं एकाच पोस्टकार्डावर लिहून घेत होती, कार्ड चुकू नये म्हणून.

आजोळ सांगेलीला, सह्याद्रीच्या अगदी पायाशी. त्या गावचा देव गिरिजानाथ. दर होळीला फणसाचं नवं झाड वाजतगाजत आणतात आणि तेच वर्षभर देव म्हणून पुजतात. माझी आई सांगे, जिथे फणसाचं खोड देव होतं तिथली माणसं झाडावर उगाच कोयता टाकत नाहीत. आजी टाकत नसे हे मी पाहिलंय. केळीचं पान कापतानासुद्धा ती आधी पानाला हात लावी.

पहाटेची एसटी धरायची. हारे टपावर चढवायचे, आत गर्दीत उभं राहायचं. गाडीत निम्म्या बायका बाजाराच्या, आणि प्रत्येकीच्या टोपलीचा वास वेगळा. मे महिन्यात फणसाचा वास सगळ्यांवर मात करी. वाडी जवळ आली की रस्ता उतरू लागे, झाडी मागे सरे, आणि मग समोर एकदम पाणी.

मी त्यानंतर पुष्कळ तळी पाहिली. नैनिताल पाहिलं, उदयपूर पाहिलं. पण मोती तलाव पाहताना पोटात जे होतं ते दुसरीकडे कुठे झालं नाही. गावाच्या ऐन मध्यावर हा तलाव आहे. त्याच्या एका काठावर जांभ्या दगडाचा राजवाडा, भोवती रस्ता, आणि मागे डोंगर. जवळचा नरेंद्र डोंगर तर गावाच्या खांद्यावर हात ठेवून उभा असल्यासारखा. पूर्वेला, लांबवर, आंबोलीच्या बाजूची सह्याद्रीची निळी भिंत. वारा पडला की हे सगळं पाण्यात उलटं दिसे. तलाव 1874 सालचा. म्हणजे आजीच्या आजीने तो नवा असताना पाहिला असणार, आणि तिनेही बाजाराची टोपली याच काठावर टेकली असणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

आजी बाजारात शिरण्याआधी काठावर उभी राही आणि आंबोलीकडे बघे. डोंगराचा माथा स्वच्छ असला तर दिवसभर बसायचं. माथ्यावर ढगाचं पागोटं चढलं असेल तर दुपारी आवरायचं. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तर ती दर तासाला मान वळवून बघे. आंबोली साधारण 690 मीटर उंचीवर, पाऊस आधी तिथे धडकतो आणि मग खाली उतरतो. माल विकायचा राहिला तरी चालेल, पण काजू भिजता कामा नये. तिचा अंदाज चुकलेला मला आठवत नाही.

त्या बाजाराची गंमत मला मोठेपणी, नकाशा समोर ठेवल्यावर कळली. पश्चिमेला वेंगुर्ला आणि शिरोडा, म्हणजे समुद्र. पूर्वेला आंबोलीचा घाट, आणि घाट चढला की आजरा, चंदगड, बेळगाव. दक्षिणेला बांदा आणि त्यापलीकडे गोवा. वेंगुर्ल्याच्या बंदरातून घाटावर जाणारा माल याच वाटेने जाई. सकाळी मासळीवाल्या समुद्राकडून येत, घाटावरचे लोक डोंगराकडून उतरत, आणि दोघांच्या मधे, तळ्याच्या आसपास, आमच्यासारखे डोंगरपायथ्याचे लोक बसत. घाटावरून कांदे-बटाटे येत, गूळ येई, आणि मे महिन्यात संकेश्वरी आणि ब्याडगी मिरचीची पोती येत. वर्षाचा मसाला त्याच दिवसांत करायचा असे. पोत्यांच्या जवळून जाताना नाकाला पदर लावावा लागे, तरी आजी पदर काढून मुद्दाम वास घेई, मिरची मोडून बघे, बी जिभेला लावी आणि मगच भाव विचारी. शिरोड्याचं मीठ मात्र ती न चाखता घेई. 1930 साली शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला तेव्हा ती लहान होती, पण घरातली मोठी माणसं त्याविषयी कुजबुजत असत हे तिला आठवत होतं, आणि त्या मिठाबद्दल तिच्या मनात एक मान होता. "शिरोड्याचा मीठ" हे शब्द ती देवळाचं नाव घ्यावं तसे उच्चारी.

आजीची जागा ठरलेली होती. तिच्या उजव्या हाताला माजगावची एक बाई, डाव्या हाताला बांद्याकडची. या दोघींची नावं मला कधी कळली नाहीत. एक "माजगावकरीण", दुसरी "बांदेकरीण", आणि आजी "सांगेलकरीण". तिघी तीस-पस्तीस वर्षं दर मंगळवारी शेजारी बसल्या. एकमेकींच्या घरी कधी गेल्या असतील असं वाटत नाही, पण एकीच्या सुनेचे दिवस भरत आले तर तिन्ही घरी काळजी असे. कुणी उठून चहाला गेली तर तिचा माल दुसरी विकी, आणि पैसे वेगळे ठेवी, पै न् पै. मी आजीच्या मागे बसून हे बघत असे. घरातली आजी कमी बोलणारी, दाराआड उभी राहणारी. बाजारातली आजी वेगळीच. तिथे ती पाय पसरून, ताठ बसे. तिचा आवाज मोठा होई. पुरुष गिऱ्हाईक असलं तरी ती नजर खाली करत नसे. घासाघीस करणाऱ्याला ती एकदा भाव सांगे आणि मग दुसरीकडे बघे. तो दोन पावलं जाई आणि परत येई. जुडी घेतल्यावर कुणी मोजायला लागलं तर आजी शांत बसून राही, आणि मोजणी बरोबर भरली की माझ्याकडे बघे. शाळेत मला पहिला नंबर मिळाला तेव्हाही इतका आनंद झाला नव्हता.

तिचा एक नियम होता. आंबा विकताना प्रत्येक आंबा ती नाकाला लावी. देठाजवळचा वास घेई आणि गिऱ्हाईकाला सांगे, हा आज खा, हा परवा, हा शुक्रवारी. डझनभर आंब्यांचं डझनभर दिवसांचं वेळापत्रक. कुणी मुंबईला नेणार असेल तर ती वेगळे आंबे काढी.

दुपारी उन्हं चढली की गिऱ्हाईक विरळ होई. तेव्हा ती मला घेऊन तळ्याकाठी येई. फडक्यात तांदळाची भाकरी, सुकटाची चटणी, कांदा. पाण्यावरून वारा येई आणि घाम निवे. तळ्याच्या काठावर त्या वेळी सगळा बाजार जेवत असे. घाटावरचे लोक एका बाजूला, त्यांची भाकरी ज्वारीची. आजी त्यांच्याकडे बघून म्हणे, "त्यांची भाकरी बघ कशी मोठी." त्यांच्यातली एखादी बाई मला शेंगदाण्याच्या चटणीची चिमूट देई आणि आजी तिच्या हातावर सुकट ठेवी. समुद्राची आणि घाटाची अदलाबदल आमच्या भाकरीवर अशी होत असे.

जेवण झालं की आजी म्हणे, जा, चितारआळीत फिरून ये. मला तेवढंच हवं असे.

चितारआळीबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचंय, कारण माझ्या बालपणातला सगळा रंग तिथून आलाय. दुकानांच्या दाराशी लाकडी फळांच्या परड्या मांडलेल्या असत. केळी, सीताफळ, लिंबू, वांगी, मिरच्या, अर्धा कापलेला फणस. भातुकलीची बोळकी, पाट-चौरंग, पाळणे, रंगीत बैल. आणि मागे, अंधाऱ्या खोलीत, चितारी काम करत बसलेले असत. मी दाराच्या चौकटीला टेकून तासन् तास उभी राही आणि कुणी मला हाकललं नाही. लाकूड बहुधा पांगाऱ्याचं. हलकं, मऊ, फुलं लालभडक. लाकूड कापून, तासून, त्याला फळाचा आकार द्यायचा. चिंचोक्याची खळ आणि माती लावून चिरा बुजवायच्या, घासायचं, मग रंग. कातावर फिरवायच्या वस्तूंना लाखेचा रंग चढवीत. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडाला चिकटते, आणि मग केवड्याच्या पानाने घासून तिला चकाकी आणायची. केवड्याचं पान या कामासाठी वापरतात हे मला कळलं तेव्हा मी आजीला धावत येऊन सांगितलं होतं. तिच्यासाठी केवडा म्हणजे गणपतीला वाहायचा, किंवा अंबाड्यात माळायचा.

मी आठ-नऊ वर्षांची असताना आजीने मला पहिल्यांदा फळं घेऊन दिली. एका मोठ्या मंगळवारी सगळा माल दुपारीच संपला होता. ती माझ्याबरोबर आळीत आली, दुकानासमोर उकिडवी बसली आणि परडीतलं एकेक फळ हातात घेऊन बघू लागली. सीताफळ उलटं करून पाहिलं, केळ्याची साल जिथे काळी पडते तिथे काळा ठिपका आहे की नाही ते पाहिलं. मग आंबा उचलला. हापूस, देठाकडे जराशी लाली. आणि सवयीने तो नाकाला लावला.

दुकानदार हसला नाही. वाट बघत राहिला.

"हेका वास येणा नाय," आजी म्हणाली. थोडा वेळ तिने तो तळहातावर तोलला. मग म्हणाली, "बरो आसा. ह्यो कुसचो नाय."

आयुष्यभर जिने फळं कुजण्याच्या आत विकली तिचं ते वाक्य आहे. मे महिन्यातल्या शेवटच्या मंगळवारी न खपलेले आंबे परत नेताना तिचा चेहरा कसा होई, ते मी पाहिलेलं होतं. तिने सहा फळं घेतली, पदराची गाठ सोडून पैसे मोजले, आणि घासाघीस अजिबात केली नाही. कष्टाने केलेल्या वस्तूचा भाव पाडू नये, असं ती बसमध्ये म्हणाली. सहांपैकी पाच फळं आज माझ्याकडे आहेत. लिंबू कुठल्याशा घरबदलात गेलं.

राजवाडा मात्र मी उशिरा, कॉलेजात असताना, आतून पाहिला. लहानपणी तो तळ्यातल्या प्रतिबिंबातच जास्त पाहिला होता. आजी राजवाड्याकडे बघून हात जोडी. तिच्या मनात बापूसाहेब महाराज होते, पाचवे खेमराज. ते 1937 साली गेले, पण आजीच्या बोलण्यात ते कालपरवापर्यंत होते. दाणोलीच्या साटम महाराजांपुढे राजा साध्या माणसासारखा बसे, ही गोष्ट ती पुन्हा पुन्हा सांगे. राजा असून बसे, यावर तिचा भर असायचा.

मी आत गेले तेव्हा दरबाराच्या दालनात चार-पाच कारागीर गंजिफा रंगवत बसले होते. वाटोळी पानं, तळहाताएवढीही नाहीत, आणि त्यांवर केसाएवढ्या कुंचल्याने मत्स्य, कूर्म, वराह. दशावतारी गंजिफाचा एक जोड 120 पानांचा. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पानं, त्यांत एक राजा आणि एक प्रधान. ही कला एका टप्प्यावर मिटायच्या बेतात होती. पानं करू शकणारा एखाद-दुसरा वृद्ध चितारी उरला होता. शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनी त्याच्याकडून ती स्वतः शिकून घेतली, मग राजवाड्यातच तरुण मुलांना बसवून शिकवली. राणीसाहेब बडोद्याच्या गायकवाडांच्या घरातल्या. त्या 2018 साली गेल्या. मी पाहिलं तेव्हा त्या स्वतः एका मुलीच्या मागे उभ्या राहून, पानाच्या काठावरची वेल कुठे वळवायची ते दाखवत होत्या. 2024 साली इथल्या गंजिफाला आणि लाकडी कामाला भौगोलिक मानांकन मिळालं, ती बातमी मी पेपरातून कापून ठेवलीय. आजी असती तर मानांकन म्हणजे काय हे तिला कसं सांगितलं असतं याचा विचार करत होते. बहुधा असं, की आता दुसऱ्या गावच्या माणसाला स्वतःच्या मालाला 'वाडीचा' म्हणता येणार नाही. ते तिला लगेच पटलं असतं.

पावसाची एखादी सर आली की मामा मला श्रीराम वाचन मंदिरात बसवून स्वतःच्या कामाला जाई. 1852 सालची संस्था. जुन्या पुस्तकांचा तो ओलसर, थोडा गोड वास आणि खिडकीबाहेर पावसाने खरखरणारं पाणी. पुस्तकाच्या पहिल्या पानावर तारखांचे शिक्के असत आणि मी गोष्ट वाचायच्या आधी ते शिक्के वाचत असे. माझ्या आईच्या जन्माआधी हे पुस्तक कुणीतरी घरी नेलं होतं, आणि वेळेत परत आणलं होतं.

चतुर्थीचा बाजार मी दोनदाच पाहिला, शाळा बुडवून. माटवीला बांधायचं सामान, कवंडळं, हरणाची फुलं, सुपाऱ्यांचे घोस, तवशी, आणि मुंबईहून आलेल्या माणसांनी फुललेला रस्ता. तो बाजार सगळ्यांना ठाऊक आहे, त्याबद्दल पुष्कळांनी लिहिलंय. माझा बाजार दिवाळीचा.

दिवाळीच्या आधीच्या मंगळवारी वाडीला एक वेगळाच वास असे. भातं कापून झालेली, उन्हात गवत वाळलेलं, आणि नवे फोव. आमच्याकडे पोह्यांना फोव म्हणतात. नव्या भाताचे, हातसडीचे, जरा जाड, तांबूस. आजी आणि मामी आठवडाभर राबून ते करीत. भात भिजवायचं, भाजायचं, गरम असतानाच उखळात कांडायचं. कांडणाचा आवाज रात्री लांबवर ऐकू येई, आणि सांगेलीत घराघरांतून तोच आवाज. भाजताना हात थोडा ढिला पडला तर फोव कडक होतात, कांडताना उशीर झाला तर चुरा होतो. आजीचे फोव बाजारात मांडले की अकरा वाजायच्या आत संपत.

आणि कारिटं. हिरवी, इवलीशी, कडूजहर. ती कुणी लावत नाही, बांधावर आपली आपण येतात. मुलांनी गोळा केलेली कारिटं आजी मुलांच्याच नावाने विकायला ठेवी आणि त्याचे पैसे मुलांना देई. नरकचतुर्दशीला, चावदिसाला, पहाटे अंघोळ झाली की तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं, रसाचा टिळा लावायचा, बी जिभेला लावायचं. मुंबईला आमच्या चाळीत परळच्या बाजारातून आणलेलं कारीट फोडत, पण ते मऊ पडलेलं असे आणि फटकन आवाज होत नसे. वाडीच्या बाजारातलं कारीट फुटायचं. अख्ख्या वाड्यात त्या फुटण्याचा आवाज आणि पाठोपाठ मुलांचं "गोविंदा" ऐकू येई.

मग फोव. गूळ-खोबऱ्याचे गोडे फोव, दुधातले, दह्यातले, बटाट्याचे तिखट, आणि काळ्या वाटाण्यांची उसळ. या घरचे खायचे, मग त्या घरचे. सकाळी दहा वाजेपर्यंत सात-आठ घरचे फोव पोटात गेलेले असत, आणि प्रत्येक घरी विचारत, "आजयेचे चांगले काय हे चांगले?" मी कुणाचं मन मोडत नसे. आजीला मात्र खरं सांगे.

एका वर्षी चावदिसाची पहाट आम्ही वाडीतच घालवली. मामाच्या ओळखीच्या घरी उतरलो होतो. रात्रभर पोरं नरकासुर सजवत होती. बांबूचा सांगाडा, आत गवत, कागदाचं तोंड, डोळे एवढाले. पहाटे ते धूड ढोलताशांच्या गजरात निघालं आणि तळ्याच्या रस्त्याने गेलं. मशालींचा उजेड पाण्यावर पडला होता, डोंगर अजून काळे होते, आणि पाण्यात एक आणि रस्त्यावर एक असे दोन नरकासुर डुलत चालले होते. जाळला तेव्हा दोन्ही पेटले. आजी माझा हात घट्ट धरून उभी होती. तिनेही तो पहिल्यांदाच पाहिला होता. इतकी वर्षं वाडीला आली, पण रात्री कधी राहिली नव्हती. दर मंगळवारी संध्याकाळची गाडी धरून परत. उजाडू लागलं तसा आंबोलीकडचा माथा आधी दिसला. मग राजवाडा, मग माडांचे शेंडे. आजी म्हणाली, "सकाळचा पाणी असा दिसता होय." दर मंगळवारी ती पोचायची तोवर ऊन वर आलेलं असायचं.

सत्तरी ओलांडल्यावर तिचं बाजारात बसणं बंद झालं. माजगावकरीण आधीच गेली होती. बांदेकरीण अजून येते, असं मामा येऊन सांगे, आणि आजी विचारी, माझ्या जागी कोण बसलंय. शेवटच्या वर्षी मामाने तिला मुद्दाम एका मंगळवारी वाडीला नेलं. मी बरोबर होते. तिला तळ्याकाठी सावलीत बसवलं आणि मी तिच्या सांगण्याप्रमाणे बाजार करून आणला. मीठ, थोडे बांगडे, अर्धा शेर मिरची. तिने मिरची मोडली, बी जिभेला लावलं, काही बोलली नाही. बांगड्याचा कल्ला उघडून बघितला. "कितकी दिलंस?" मी भाव सांगितला. तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाली, "असांदे. ताजे आसत."

आता कोकण रेल्वेने सावंतवाडी रोडला उतरायचं आणि रिक्षाने गावात यायचं. गोव्याचा हमरस्ता बाहेरून जातो. तलावाभोवती दिवे लागलेत, काठावर केशवसुत कट्टा आहे, संध्याकाळी माणसं फिरायला येतात, मुलं आइस्क्रीम खातात. मला हे सगळं आवडतं. तलाव गावाला अजून हवासा वाटतो, म्हणून तर ते येतात. चितारआळीत गेले तर फळांच्या परड्या अजून दाराशी आहेत. लिंबू घेतलं, हरवलेल्या लिंबाच्या जागी. रंग थोडा जास्त झळाळतो, तोही चार-सहा वर्षांत निवेल.

गेल्या दिवाळीत सांगेलीला गेले होते. मामा-मामी गेले त्याला बरीच वर्षं झाली, घरात मामेभाऊ आणि वहिनी. मी पोचले तो सोमवार होता. जेवणं झाली, वहिनीने ओसरीवरचा ट्यूबलाइट लावला, गोणपाट पसरलं आणि परसातून खायच्या पानांची पाटी आणून ओतली. तिची धाकटी मुलगी फोव पिशव्यांत भरून वजन करत होती. सकाळी दोघी स्कूटरवरून वाडीला जाणार होत्या, पाटी मधे ठेवून.

वहिनी म्हणाली, "तुमी दमल्यात असशात. निजा तुमी."

मी पाय दुमडून गोणपाटावर बसले आणि पहिलं पान उचललं.

"पंचवीस मां?" मी विचारलं.

"पंचवीस," ती म्हणाली.